विमान आकाशात, वेळ जमिनीवर

२०२५ सालच्या जून महिन्यात अमेरिकेतील उद्योगपती फ्रेडरिक स्मिथ यांचे निधन झाले. त्या वेळी ते ८० वर्षांचे होते. धनिकांच्या मृत्यूच्या वार्ता येतात आणि जातात. त्यांवर अग्रलेख लिहिण्याचे एरवी काही प्रयोजन नसते. परंतु या गृहस्थाने आपल्या हयातीत जे कार्य उभे केले, त्याचा संबंध ज्या प्रश्नाशी पोचतो तो प्रश्न आपल्या किनारपट्टीच्या उंबरठ्यावर येऊन उभा आहे. एका खंडाच्या एका टोकाला संध्याकाळी स्वाधीन केलेले पुडके दुसऱ्या टोकाला सकाळी पोचते करायचे, आणि ते रोज करायचे, मागेल त्याचे करायचे, हा उद्योग स्मिथ यांच्या फेडरल एक्स्प्रेस या मालवाहू विमान कंपनीने १९७३ साली आरंभिला. उत्तर अमेरिकेच्या विस्तीर्ण भूखंडावर तो यशस्वी झाला आणि पुढे जगभर पसरला. विमाने तत्पूर्वीही होती, धावपट्ट्या होत्या, वैमानिकही होते. मग नवीन असे काय घडले? या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेतले, तर धावपट्टी बांधली की तिच्यावर व्यापार आपोआप उतरतो या आपल्याकडील गोड समजुतीची एकदा तपासणी करावी लागेल.

प्रथम त्या काळची स्थिती पाहू. अमेरिकेत मालवाहू विमाने मुळीच नव्हती असे नाही. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या वैमानिकांना हाताशी धरून १९४५ साली स्थापन झालेली फ्लाइंग टायगर ही कंपनी केवळ माल वाहण्यासाठीच विख्यात होती. परंतु छोटी, तातडीची पार्सले मोठ्या प्रमाणात प्रवासी विमानांच्या पोटातून जात, आणि तेथेच सारी अडचण होती. प्रवाशाला दिवसा प्रवास करावयाचा असतो. म्हणून विमाने दिवसा उडतात आणि रात्री विसावा घेतात. कारखान्यातला माल मात्र दिवसभर तयार होतो आणि निघायला सज्ज होतो तो संध्याकाळी. ज्या वेळी माल तयार त्या वेळी विमान विश्रांतीला, आणि ज्या वेळी विमान सज्ज त्या वेळी प्रवाशांच्या सामानातून उरलेल्या जागेवर मालाचे नशीब अवलंबून, अशी ती जोडी होती. माल विमानाने धाडला म्हणून लवकर पोचेल याची हमी नव्हती. कित्येकदा विमानापेक्षा गोदामातील मुक्कामच लांबत असे.

त्याच सुमारास अमेरिकेचे उद्योगधंदे विखुरत चालले होते. कारखाना एका राज्यात, त्याला लागणारा सुटा भाग दुसऱ्या राज्यात, आणि दुरुस्ती करणारा तिसऱ्याच ठिकाणी. संगणक, वैद्यकीय उपकरणे, विजेची नाजूक साधने यांचा प्रसार जसजसा होऊ लागला, तसतसे एक नवे सत्य पुढे आले. मुठीत मावणाऱ्या एका भागावाचून लाखो रुपयांचे यंत्र ठप्प होऊन बसते, आणि अशा वेळी त्या भागाची किंमत त्याच्या वजनावर ठरत नाही, तो येईपर्यंत बुडणाऱ्या कामावर ठरते. येल विद्यापीठात शिकत असताना १९६५च्या सुमारास स्मिथ यांनी याच विषयावर एक निबंध लिहिला होता. त्या निबंधाला किती गुण मिळाले याविषयी आख्यायिका पुष्कळ आहेत. त्यांत शिरण्याचे आपल्याला कारण नाही. पुढे ते व्हिएतनामच्या युद्धात सैनिक म्हणून गेले आणि रसद कशी पोचते, व कशी पोचत नाही, हे त्यांना तेथे जवळून पाहावयास मिळाले. परत आल्यावर त्यांनी १९७१ साली आपली कंपनी नोंदविली.

या कंपनीची मूळ कल्पना वाटते तितकी अवघड नाही. अंकगणिताचा थोडासा आधार घेतला की ती उलगडते. समजा, २५ शहरे एकमेकांशी जोडावयाची आहेत. प्रत्येक शहरातून प्रत्येक शहराला थेट विमान न्यायचे म्हटले, तर ३०० मार्ग होतात, आणि त्यांतील बहुतेक मार्गांवर विमान जवळजवळ रिकामे जाणार हे उघड आहे. त्याऐवजी मध्यभागी एक ठिकाण निवडले, प्रत्येक शहराचे विमान रात्री तेथे आणले, सर्व माल उतरवून तो ज्याच्या त्याच्या दिशेप्रमाणे निवडला, आणि तीच विमाने भरून परत पाठविली, तर २५ मार्गांत काम भागते. वरवर पाहता हा वेडेपणा वाटतो. शेजारच्या गावी जाणारे पुडके आधी शेकडो मैल दूर न्यायचे आणि मग परत आणायचे! परंतु हा सारा प्रवास गिऱ्हाईक झोपेत असताना होतो. पुडके कोणत्या वाटेने आले याच्याशी त्याला कर्तव्य नसते. सकाळी दार उघडताना ते दाराशी असले म्हणजे झाले. निरनिराळ्या बँकांचे धनादेश जसे एका समाशोधन गृहात येतात आणि तेथून आपापल्या घरी जातात, तसाच हा व्यवहार आहे. किंबहुना कंपनीच्या नावातील ‘फेडरल’ हा शब्दही तेथूनच आला. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेकडून धनादेशांच्या वाहतुकीचे काम मिळेल अशी स्मिथ यांना आशा होती. ते काम मिळाले नाही. नाव मात्र राहिले.

मध्यवर्ती ठिकाण म्हणून टेनेसी राज्यातील मेम्फिस या शहराची निवड झाली. मिसिसिपी नदीकाठचे हे शहर पूर्वी कापसाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध होते. न्यूयॉर्क किंवा शिकागो यांच्या पंक्तीला बसणारे ते नव्हते. परंतु ते देशाच्या मध्याजवळ होते. हवामानामुळे तेथील विमानतळ बंद पडण्याचे प्रसंग क्वचित येत. आणि विमानतळाचे चालक या नव्या पाहुण्यासाठी हवी ती सुधारणा करावयास राजी होते. या तीन कारणांतील पहिली दोन निसर्गाने दिलेली आहेत. तिसरे माणसांनी दिलेले आहे. आमच्या मते तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे होय.

१७ एप्रिल १९७३च्या रात्री १४ लहान फाल्कन विमानांनिशी ही सेवा रीतसर सुरू झाली. त्या रात्री उत्तरेकडील रॉचेस्टरपासून दक्षिणेकडील मायामीपर्यंत २५ शहरांसाठी मिळून एकूण १८६ पुडकी निघाली. म्हणजे विमानामागे सरासरी १३! एखाद्या तालुक्याच्या टपाल कचेरीतही याहून अधिक गर्दी असावी. जाळे मात्र पहिल्या दिवसापासून संपूर्ण असावे लागते, या उद्योगाचे हेच खरे दुखणे आहे. दुकानदाराला एक दुकान चालले की दुसरे काढता येते. येथे २५ शहरांपैकी दोनच जोडली तर कोणाच्याच उपयोगाची नाहीत. म्हणून गिऱ्हाईक येण्याच्या आधी सारा पसारा मांडावा लागतो आणि पुडकी येईपर्यंत रिकाम्या विमानांचा खर्च सोसावा लागतो. त्यातच १९७३च्या अखेरीस तेलाचे भाव भडकले. कंपनीच्या खजिन्यात इंधनापुरतेही पैसे उरले नसताना स्मिथ यांनी शिल्लक रक्कम घेऊन लास व्हेगासला द्यूतगृह गाठले आणि तेथे जिंकलेल्या पैशांवर त्या आठवड्याची विमाने उडाली, अशी हकिकत त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याने लिहून ठेविली आहे. हा मार्ग कोणी अनुसरावा असे आम्ही सुचविणार नाही. फळ दिसेपर्यंत दोन वर्षांहून अधिक काळ तोटा सोसावा लागला आणि १९७५च्या मध्यास प्रथम नफ्याचे तोंड दिसले, ही गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पी हळद आणि हो गोरी, असा हा व्यवहार नाही.

आता सरकारची भूमिका पाहू. त्या काळी अमेरिकेत कोणत्या कंपनीने कोठून कोठे उडावे आणि काय भाडे आकारावे हे सरकारी मंडळ ठरवीत असे. मोठ्या विमानाने मालवाहतूक करायची तर मंडळाचा परवाना हवा, आणि जुन्या कंपन्या सुखासुखी तो मिळू देणार नाहीत हे ठरलेले. छोट्या विमानांना मात्र या बंधनातून सूट होती. १९७२ साली या सुटीची मर्यादा वाढवून विमानात ७,५०० पौंडांपर्यंतचा भार वाहण्यास मुभा देण्यात आली. स्मिथ यांनी फाल्कनसारखे लहान विमान पसंत केले त्याचे इंगित येथे आहे. परंतु उद्योग वाढला तशी हीच मर्यादा गळ्याशी आली. एका शहराचा माल एका मोठ्या विमानात सहज मावला असता, तेथे एकामागोमाग एक अशी अनेक छोटी विमाने पाठवावी लागत. इंधन अधिक, वैमानिक अधिक, आणि लाभ कोणालाच नाही. अखेर नोव्हेंबर १९७७मध्ये मालवाहतुकीवरील हे निर्बंध उठविणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी स्वाक्षरी केली. त्यानंतर कंपनीने मोठी बोइंग विमाने घेतली आणि तिची वाढ झपाट्याने झाली. १९८९ साली तर तिने त्या जुन्या फ्लाइंग टायगर कंपनीलाच आपल्यात सामावून घेतले.

या कथेवरून, सरकारने फक्त बाजूला व्हावे, बाकी सारे बाजार पाहून घेईल, असा बोध काही जण काढतात. तो अर्धवट आहे. बाजूला होण्याआधी तेथील सार्वजनिक संस्थांनी विमानतळ बांधले होते, रात्री विमाने उतरविण्याची साधने बसविली होती, आकाशमार्गांचे नियंत्रण आणि हवामानाची वार्ता यांची व्यवस्था केली होती. एखाद्या खासगी कंपनीच्या आवाक्यातील ही कामे नव्हेत. सरकारने करण्याची कामे केली आणि न करण्याची सोडून दिली, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल. आपल्याकडे पुष्कळदा नेमके उलटे घडते.

परंतु कायदा आणि विमान या दोहोंपेक्षाही या उद्योगाचा प्राण तिसरीकडेच आहे. तो आहे जमिनीवर. रात्री दहा-अकरानंतर मेम्फिसच्या आकाशात विमानांची रांग लागते. ती उतरतात, माल बाहेर निघतो, सरकत्या पट्ट्यांवरून निवडला जातो, आणि पहाटेच्या आत विमाने पुन्हा मार्गस्थ होतात. या साऱ्याला हाताशी मोजके तास असतात. एका शहराचे विमान तासभर रखडले तर त्यातील माल इतर सर्व शहरांच्या विमानांना चुकतो. म्हणून दुपारी कोणत्या वेळेपर्यंत पुडके स्वीकारायचे, गाडी विमानतळावर केव्हा पोचायची, दरवाजा केव्हा लावायचा, याची शिस्त घड्याळाच्या काट्याला बांधलेली असते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस कंपनीने संगणकाची मदत घेतली. १९८०च्या दशकात गाडीवरच्या माणसाच्या हाती पुडक्यावरील रेषांची खूण वाचणारे छोटे यंत्र आले. आपला माल या क्षणी कोठे आहे हे गिऱ्हाइकाला कळू लागले, आणि विश्वास नावाची जी वस्तू आहे ती तेथे जन्मास आली. ज्या लहान गावांत मोठे विमान उतरत नाही त्यांच्यासाठी १९८५पासून एका इंजिनाची छोटी कॅराव्हान विमाने ठेविली गेली. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर अमेरिकेचे आकाश काही दिवस बंद झाले, तेव्हा मालमोटारींनी वाहतुकीचा भार उचलला. ज्यांचा जमिनीवरचा पाया पक्का, त्यांनाच आकाश काही दिवस नसले तरी चालते.

या व्यवस्थेचे मोल केवळ व्यापारापुरते नाही. डिसेंबर २०२०मध्ये करोनाच्या साथीवरील लशीचे पहिले साठे मिशिगन राज्यातील कारखान्यातून निघाले, तेव्हा ते देशभर पोचविण्याचे काम या कंपनीने आणि तिच्या प्रतिस्पर्धी कंपनीने मिळून केले. अतिशीत तापमानात ठेवावी लागणारी ती लस वाटेत रेंगाळली असती तर वाया गेली असती. आपल्या देशातही १२ जानेवारी २०२१ रोजी पुण्याहून कोविशिल्ड लशीच्या पेट्या विमानाने निघाल्या. त्या सकाळी ज्या व्यवस्थेवर कोट्यवधी लोकांची दृष्टी लागली होती ती मालवाहतुकीचीच व्यवस्था होती. एरवी तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सकाळी दाराशी येणाऱ्या प्रत्येक पुडक्यामागे कोणाची तरी रात्र खर्ची पडलेली असते. माल निवडणारे हजारो कामगार आणि वैमानिक वर्षानुवर्षे निसर्गक्रमाच्या विरुद्ध जागतात. अमेरिकेत वैमानिकांच्या विश्रांतीचे कडक नियम जानेवारी २०१४पासून लागू झाले. परंतु केवळ माल वाहणाऱ्या विमानांचे वैमानिक त्यांतून वगळले गेले. वास्तविक रात्री जागणे ज्यांच्या धंद्याचाच भाग, त्यांना या संरक्षणाची गरज सर्वाधिक. पुडक्यांना भीती वाटत नाही आणि ती तक्रारही करीत नाहीत, म्हणून ती वाहणाऱ्या माणसांचा विचार मागे पडावा हे कोणत्याही सुसंस्कृत समाजाला शोभणारे नाही. नोव्हेंबर २०२५मध्ये लुइव्हिल येथे दुसऱ्या एका मोठ्या कंपनीचे मालवाहू विमान उड्डाण करताच कोसळले आणि विमानातील तिघांसह जमिनीवरीलही अनेक जण प्राणास मुकले, तेव्हा या उद्योगातील जुन्या विमानांचा प्रश्न जगापुढे आला. शिवाय विमानाचा मार्ग महागडा आहे, तो इंधन पुष्कळ जाळतो, आणि त्याचे बस्तान कायमचे बसले असे कधीच म्हणता येत नाही. अमेरिकेच्या टपाल खात्याचे विमानवाहतुकीचे काम २००१पासून फेडरल एक्स्प्रेसकडे होते. २०२४ साली तेही प्रतिस्पर्ध्याकडे गेले. तेव्हा या कंपनीचे अंधानुकरण करावे असे सुचविण्याचा आमचा हेतू नाही. तिने सिद्ध केलेले तत्त्व तेवढे घ्यावे.

आणि ते तत्त्व आपल्याला सर्वस्वी परके आहे काय? येथे एका विस्मृत प्रकरणाची आठवण करून द्यावीशी वाटते. मेम्फिसच्या त्या पहिल्या रात्रीच्या २४ वर्षे आधी, जानेवारी १९४९मध्ये, स्वतंत्र भारताने रात्रीची विमान टपाल योजना सुरू केली होती. रफी अहमद किडवई हे तेव्हा दळणवळण मंत्री होते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमाने निघत, देशाच्या मध्यभागी नागपूरला एकत्र येत, मध्यरात्रीनंतर टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई, आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या शहरी परतत. मुंबईस संध्याकाळी टाकलेले पत्र कलकत्त्यास दुसऱ्या दिवशी मिळू लागले. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून देशांतर्गत पत्रे जादा आकार न घेता विमानाने नेण्याचाही निर्णय अमलात आला. मध्यवर्ती ठिकाण, रात्रीची वेळ, मालाची अदलाबदल, पहाटेची पोच, ही सारी सूत्रे या योजनेत होती; आणि ती कोणा धनिकाच्या खजिन्यावर नव्हे, एका गरीब देशाच्या टपाल खात्यावर चालली होती. फाळणीच्या जखमा ओल्या असताना, हाताशी युद्धातून उरलेली डाकोटा विमाने असताना आपल्या लोकांनी हे केले. पुढे सत्तरच्या दशकात ही सेवा बंद पडली. ज्या दशकात मेम्फिसने त्या तत्त्वावर साम्राज्य उभे केले, त्याच दशकात नागपूरची मध्यरात्र शांत झाली. टपालापासून व्यापारी मालापर्यंत एक पाऊल टाकायचे होते. ते टाकले गेले नाही.

बुद्धीची वाण आपल्याकडे कधीच नव्हती. २०२२ साली स्मिथ यांनी आपल्या कंपनीची सूत्रे ज्यांच्या हाती दिली ते राज सुब्रमण्यम मूळचे तिरुवनंतपुरमचे आणि शिक्षणाने पवईच्या आय. आय. टी.चे. उणीव आहे ती धरलेले काम तडीस नेण्याची आणि धोरणातील स्थैर्याची. १९९०च्या दशकाच्या प्रारंभी केंद्राने मालवाहू विमानांसाठी आकाश खुले केले. २०२० साली परदेशी कंपन्यांच्या अनियमित मालवाहू विमानांना मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर व हैदराबाद या सहा ठिकाणांपुरते मर्यादित केले. देशी कंपन्यांना वाव मिळावा हा हेतू समजू शकतो. पण मग त्या वावात देशी विमाने किती वाढली, आणि सहा महानगरांखेरीज इतरांनी काय करावे, याचा हिशेब कोणी मांडावयाचा? नाही म्हणावयास ब्ल्यू डार्टसारख्या कंपनीने १९९६पासून स्वतःच्या विमानांनी मोठी शहरे रात्रीच्या वेळी जोडली आहेत, आणि हे तत्त्व आपल्या मातीतही रुजते हे दाखवून दिले आहे. केंद्राची कृषी उडान योजना २०२०मध्ये आली, २०२१मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली, आणि तीत काही विमानतळांवर शुल्काच्या सवलतीही आहेत. सवलत चांगलीच. परंतु मेम्फिसला जी गोष्ट विमानांनी दिली नाही ती आपल्याला सवलत कशी देणार?

गोमंतकाच्या संदर्भात हा विचार अधिकच निकडीचा ठरतो. १९४९ साली नागपूरचे विमान उडू लागले तेव्हा आपण पोर्तुगीज अमलाखाली होतो. ती टपाल योजना आपल्या वाट्याला आली नाही. १९५५ साली दाभोळीची धावपट्टी झाली, आणि पोर्तुगीज सरकारने स्थापन केलेली विमानसेवा कराची, दमण, दीव अशा फेऱ्या करीत प्रवाशांबरोबर टपाल आणि माल आणू लागली. भारताने आर्थिक निर्बंध लादलेल्या त्या वर्षांत हे छोटे जाळे त्या राजवटीला मोठा आधार वाटत होते. १९६१च्या डिसेंबरात तीही इतिहासजमा झाली. दाभोळी नौदलाच्या ताब्यात गेली, आणि तेथील नागरी वाहतुकीला नौदलाच्या सरावाच्या वेळा सांभाळाव्या लागल्या. डिसेंबर २०२२मध्ये मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि जानेवारी २०२३पासून तेथे विमाने उतरू लागली. त्याआधी ऑक्टोबर २०२१मध्ये सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ झाला होता. बेळगावनजीकचा सांबरा तर पूर्वीपासून आहेच. सकाळी मोटारीने निघालेला माणूस संध्याकाळपर्यंत हे चारही विमानतळ पाहून होईल, इतक्या टापूत ते आहेत. धावपट्ट्यांची वाण आता उरलेली नाही, हे मान्य केलेच पाहिजे.

उरलेला प्रश्न हा की, या धावपट्ट्यांपर्यंत माल कसा येणार? आपल्या बागायतदाराचा मानकुराद घ्या. पातळ सालीचे हे फळ चार दिवस थांबत नाही. मासळीचे तर बोलायलाच नको; तिची किंमत तासातासाने उतरते. फुले, भाजी, कुळागरातील फळे यांचीही तीच गत. आणि केवळ शेतमालच कशाला? वेर्ण्यासारख्या औद्योगिक वसाहतींतून तयार होणाऱ्या औषधांनाही ठरलेले तापमान आणि ठरलेली वेळ लागते. या सर्वांत समान गोष्ट एकच, ती म्हणजे थांबण्याची असमर्थता. ज्याला थांबता येत नाही त्याला पडत्या भावात विकावे लागते. बागायतदार आणि मच्छीमार वर्षानुवर्षे अडत्याच्या दारात उभे राहतात याचे कारण त्यांना व्यवहार कळत नाही असे नव्हे. त्यांचा माल त्यांना वेळ देत नाही, हे आहे. वेळेवर निघणारी आणि वेळेवर पोचणारी वाहतूक मिळाली तर सौदा करताना त्यांची मान थोडी ताठ राहील. या प्रश्नात खरोखर पणाला लागलेले आहे ते हेच.

शेजारच्या कोकणातील हापूसचा अनुभव येथे मार्गदर्शक आहे. भारतीय आंब्यासाठी अमेरिकेचे दार बराच काळ बंद होते. ते २००७ साली उघडले. मुंबईहून अमेरिकेस जाणारी विमाने त्याआधीही होती. मग आंबा का जात नव्हता? कारण त्यातील किडीचा बंदोबस्त करणारी, तेथील सरकारला पटेल अशी व्यवस्था आपल्याकडे नव्हती. नाशिक जिल्ह्यातील लासलगावला किरणोत्सर्ग प्रक्रियेची सोय झाली, तपासणीची रीत ठरली, आणि मग तेच विमान आंबा घेऊन उडाले. अडलेले काम जमिनीवरचे होते.

तेव्हा गोव्याच्या राज्यकर्त्यांनी आणि व्यापारी संघटनांनी पुढील पावले कोणत्या क्रमाने टाकावी हे स्पष्ट आहे. मोठ्या विमानाची मागणी करण्याआधी गावोगावचा माल ठराविक वेळी गोळा करणाऱ्या गाड्या हव्यात. तो थंड राखणारी गोदामे विमानतळाच्या आवारात आणि वाटेवरही हवीत. तपासणीचे अधिकारी फायली उघडण्याच्या वेळी नव्हे, माल येण्याच्या वेळी हजर हवेत. सहकारी संस्थांनी प्रतवारी आणि बांधणीचे काम अंगावर घेतले पाहिजे, म्हणजे चार पेट्यांचा बागायतदारही या साखळीत येईल. आरंभी माल थोडाच येईल. मेम्फिसला पहिल्या रात्री १८६ पुडकी आली होती याचे स्मरण ठेवून, दोन-तीन वर्षे तरी वेळापत्रक न मोडता चालविण्याची तयारी हवी. आज गाडी आली, उद्या आली नाही, असे एकदा झाले की शेतकरी पुन्हा अडत्याकडे जातो, आणि त्याला दोष देता येत नाही.

परंतु याहून कठीण गोष्ट निराळीच आहे. अमेरिकेतील २५ शहरांनी आपला माल मध्यरात्री एका परक्या शहरात नेऊ दिला, तेव्हा कोठे हे जाळे उभे राहिले. प्रत्येक शहराने माझ्याच विमानतळावरून थेट विमान हवे असा हट्ट धरला असता, तर एकालाही काही मिळाले नसते. आपल्या या टापूत तीन राज्यांच्या सीमा मिळतात आणि चार विमानतळ उभे आहेत. गोव्याचा एक विचार, महाराष्ट्राचा दुसरा, कर्नाटकाचा तिसरा. खुद्द गोव्यातही उत्तर आणि दक्षिण हा वाद आहेच. सीमा आणि पाणी यांवरून जे तंटे चालू आहेत ते चालू राहोत. पण पेडण्याचा आंबा, मालवणची मासळी आणि बेळगावची भाजी यांना एकाच छपराखाली आणून एकाच विमानात चढविण्यात कोणाच्याही अस्मितेला धक्का लागण्याचे कारण नाही. एक ठिकाण मध्यवर्ती मानावे, इतरांनी तेथे माल पोचवावा, आणि लाभाची वाटणी करारात आधीच लिहून ठेवावी. मध्यवर्ती ठिकाण मोपा असावे की दुसरे कोणते, हे तज्ज्ञांनी आकडे मांडून ठरवावे. निवडणुकीच्या सभेत ते ठरू नये.

नागपूरची ती जुनी योजना साधनांच्या अभावी सुरू व्हायची राहिली नव्हती. साधने नसतानाच ती सुरू झाली होती. आज साधने आहेत, धावपट्ट्या आहेत, कर्ज देणाऱ्या बँका आहेत. वरातीमागून घोडे धाडण्याची आपली जुनी सवय तेवढी मोडावयाची आहे. तोक्त्यासारखे एखादे वादळ आंब्याच्या बागा झोडपते तेव्हा आपण दैवाला दोष देतो. परंतु झाडावर पिकलेले फळ बाजाराची वाट पाहत कुजते तेव्हा दोष देण्यास दैव सापडत नाही. धावपट्टी बांधणे सरकारच्या हाती होते, ते झाले. ठरलेल्या वेळी माल विमानापाशी आणणे हे सरकार, व्यापारी, सहकारी संस्था आणि बागायतदार या सर्वांच्या हाती आहे, आणि येत्या आंब्याच्या हंगामाआधी त्यांनी एकत्र बसून निदान एक वेळापत्रक तरी ठरवावे, एवढीच आमची मागणी आहे.